झुवेनाचा बाओ

झुवेना नक्की काय काम करते, हे मला अजून कळलेलं नाही. दारेसलामच्या एका कंपनीसाठी ती इथे झांझिबारला घरी बसून मोबाइलवरचे खेळ बनवते. फळं फोडा, फुगे फोडा, सगळी फोडाफोडी. त्याचा पगारही मिळतो म्हणे! कंपनीचं काम उरकलं की तिचे स्वतःचे खेळ सुरू. मासेमारीचा एक, मिनीबसचा एक, भुताचा एक. एक ना धड, भाराभर चिंध्या.

यंदा मात्र तिने बाओ पुरा केला. आमचा लाकडी पाटावरचा बाओ, खड्ड्याखड्ड्यांत एकेक बी पेरत जायचा, तो फोनमध्ये. पारखायला दिला बापाला. तिचा बाप कोंबो म्हणजे आमच्या किकवाजुनी मोहल्ल्यातला बाओचा राजा. माझा जुना दोस्त, पण मला एकदाही जिंकू दिलं नाही मेल्याने.

तो घरात एकटा बसून फोनशी खेळला आणि हरला. पुन्हा हरला. मग आम्ही सगळे रोज बाओ खेळायला जमतो त्या ओट्यावर यायचाच बंद झाला. मी बोलवायला गेलो.

"शामे, बिया भलत्याच खड्ड्यात पडलेल्या दिसतात रे मला," तो म्हणाला. "आईचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी मलाच ओळखेना."

मला भीतीच वाटली. झुवेना माझ्यामागे बाहेर आली.

"काका, बाबांना हरवणारा खेळ केला मी. कंपनी माझ्या नावाने तो बाजारात आणणार आहे. मग आनंद का होत नाही मला?"

मला काय विचारतेस बाई? मला फोनचा आवाजसुद्धा कमी करता येत नाही.

"ओट्यावर आण तो फोन," मी म्हटलं. "आणि बापालाही आण."

तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली, कॉफी आली, आणि सगळी डोकी एका फोनवर वाकली. आमच्यात समोरच्याची चूक खेळणारा काढत नाही, शोभत नाही ते. ते काम बघ्यांचं, आणि बघे ते चवीने करतात. खेळायला मी बसलो. फोनची पाळी आली, बिया पळत रांगेच्या टोकाला, वळणावर गेल्या.

"चोर!" कॉफी सांडत बघ्यांतला माकामे ओरडला. "वळणावरचा खड्डा गाळला त्याने!"

"हा बघ, पुन्हा गाळला! कुणी शिकवलं गं याला? शामेने?" दुसऱ्या बघ्याने झुवेनाला विचारलं.

झुवेनाने फोन ओढून घेतला. पुन्हा पुन्हा तीच चाल चालवून बघितली. तिचा चेहरा पडला.

"बाबा, तुम्हाला हे दिसलं नाही?"

"रोज दिसायचं. पण खेळणाऱ्याने कसं बोलायचं? घरात बघायला दुसरं कुणी नव्हतं. मला वाटलं, मलाच तसं दिसतंय."

"नाही हो बाबा. मीच चुकले. आता कंपनीला सांगावं लागेल. गेला माझा खेळ."

"म्हणजे चूक तुझी?"

"हो."

"नक्की तुझीच?"

"माझीच, बाबा."

तिला वाटलं, आता बोलणी बसणार. मलाही तसंच वाटलं. कोंबोने तिला कवेत घेतलं आणि भर ओट्यावर, सगळ्यांदेखत, तो हुंदके देऊन रडायला लागला. आम्हाला कुठे बघावं ते कळेना. झुवेना मात्र त्याची पाठ थोपटत पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझीच चूक, बाबा. माझीच."