विसावा पानडबा

निजामाच्या राज्यात तुरीचा भाव तळाला कधी लागतो हे हैदराबादच्या शेठजींनाही कळत नसे. माझ्या सासऱ्यांना मात्र ते पानाच्या डब्यावरून कळे.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. कमलनगरच्या मोंढ्यात तेव्हा धान्यदलालांच्या वीस आडती. आडत्याला धंद्याची आशा असली की पानाचा डबा उघडा, येईल त्याला विडा. आशा सुटली की डबा बंद! अप्पा दर बाजाराला काठी टेकत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत आणि उघडे डबे मोजत. भाव विचारतच नसत!

"दोन-चार डबे बंद झाले म्हणून तळ येत न्हाई, जावईबापू. सगळ्यांनी हाय खाल्ली, की मग इकायला उरतंय कोन? तिथून भाव वरच जातंय."

दोनदा मी त्यांना असा तळ बरोब्बर गाठताना पाहिलं आणि दोन्ही वेळा माझा आ वासलेला मिटेना.

त्या साली तूर पडायला लागली. मीही मोंढ्यातलाच आडत्या (दुकान लहान, अक्कल त्याहून लहान). केली फेरी सुरू. हा बंद, तो बंद, पलीकडचा बंद... एकही उघडा नाही! धावत घरी, बायकोकडं.

"गोदे, पाटल्या दे!"

"कामून?"

"तळ आलाय!"

"अप्पाला इचारलाव का?"

"अप्पाचीच विद्या वापरायलोय की!"

पाटल्या मोडल्या, तूर भरली. पुढच्या बाजाराला भाव आणखी खाली. त्याच्या पुढच्याला त्याहून! ओसरी पोत्यांनी भरली, मग माजघर. आम्ही नवरा-बायको पोत्यांवरच झोपायला लागलो. गोदूच्या रित्या मनगटांकडं बघवेना. शेवटी एका बाजाराला मी सगळी तूर विकायला काढली, पानाचा डबा खाडकन मिटला आणि चारचौघांत ढसाढसा रडलो.

तोच समोर काठी वाजली. अप्पा! त्यांनी आधी माझा डबा पाहिला, मग मला.

"सगळी तूर मी घेतलो."

"नका अप्पा, बुडताल!"

"तुमी डबे किती मोजलाव?"

"एकोणीस. सगळे बंद!"

"आन् मोंढ्यात आडती किती?"

"वी..." मी माझ्या मिटलेल्या डब्याकडं पाहिलं. स्वतःचं दुकान मी मोजलंच नव्हतं! आणि इतके दिवस डबा सताड उघडा ठेवून गावाला विडे वाटत बसलो होतो.

"तुमचीच वाट बघायलो होतो, जावईबापू," अप्पा शांतपणे म्हणाले.

चार बाजारांत तूर जी उसळली! अप्पांनी लेकीला पाटल्या केल्या, पहिल्यापेक्षा जड. मी त्यांच्या पायांवर डोकंच ठेवलं. काय तो माणूस, काय त्याची नजर!

तेव्हापासून मोंढ्यात वीस डबे कुणी मोजत नाही. मंदी आली की मोठमोठे आडते आमच्या घरावरून जातात आणि गोदूला हळूच विचारतात, "वैनी, दादा रडले का?"