जावळाला मामा लागतो

मोटार मलकापूरच्या फाट्यावर उभी होती आणि सासू माझ्या काखेतून पोर ओढून घेत होती. "गुऱ्हाळ संपलं की ने की. आमी काय खाऊन टाकत न्हाई त्याला," म्हणाली. अंगावर पिणारं लेकरू. सांगली येईपर्यंत माझी चोळी भिजत राहिली.

गावाकडच्या बायांनो, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सांगते. नवरा लढाईवरून परत आला तो दुसरी बायको घेऊनच. सवतीबरोबर मी नांदणार नाही म्हणाले, तेव्हा पंच बसले आणि त्यांनी पोराचं वर्ष वाटलं. उसाचं गुऱ्हाळ चालू असेल तोवर बापाकडं, थंडावलं की आईकडं. तिथी नाही, वार नाही. मला कुणी विचारलंही नाही.

मग काय, घरचा ऊस संपला की भावकीचा, भावकीचा संपला की वाटेवरच्या कुणाचाही! गुऱ्हाळाचं चुलवाण म्हणून विझू देत नव्हते मुडदे. मी न्यायला गेले की नवरा लांबूनच ओरडायचा, "रसाची काहील चढल्याली हाय, दिसत न्हाई व्हय?" आणि सासू माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. माझं पोर ठेवून घ्यायचं आणि मला गूळ! मी तो तिच्याच अंगणात भिरकावला.

सांगलीत माझा भाऊ दत्तू हळदीच्या वखारीत हमाल होता. त्याच्याच खोलीत राहिले आणि बाळंतिणींच्या दवाखान्यात आया म्हणून लागले. ड्यूटी, वॉर्ड, डॉक्टरीणबाई असले शब्द तोंडात बसले. गावात असताना पहाटे शेणाचा वास यायचा, इथं अंगाला फिनेलचा. दिवसभर दुसऱ्यांची पोरं न्हाऊ घालायची आणि आपलं कुणाच्या हातचं न्हातंय कोण जाणे. आई म्हणायची, "बाईनं दम धरावा." धरला मी. पण विसरले काहीच नाही.

पोराला तिसरं लागलं. जावळ औंधच्या यमाईला बोललेलं. भावकीला आवतणं गेली, न्हावी सांगून झाला, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की पोराला मांडीवर घ्यायला मामा लागतो. एवढी शहाणी माणसं, जेवणावळ सांगून बसली आणि मामाच विसरली! सख्खा मामा एकच, आमचा दत्तू.

सासू आणि नवरा, दोघं मायलेक आले सांगलीला. दत्तू म्हणाला, "मला काय इचारता? आक्काला इचारा." दवाखान्याच्या दारात नवरा पलटणीतला कोट घालून उभा, सासू पायरीवर बसलेली. मी म्हणाले, "ड्यूटी चालू हाय माझी, दिसत न्हाई व्हय?" आणि आत गेले. दुपार कलेपर्यंत बसवून ठेवलं दोघांना. हो, मुद्दाम.

"आगं, देवी कोपंल," सासू रडकुंडीला आली.

"कोपू दे. ती बी आईच हाय."

अट एकच घातली. यमाईपुढं, सगळ्या भावकीदेखत, नवऱ्यानं आपल्या तोंडानं वाटणी बदलायची. गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत पोर आईकडं, गुऱ्हाळाचं नाव काढायचं नाही.

औंधला न्हावी वस्तरा परजून बसला. दत्तू हाताची घडी घालून उभाच. पोराच्या डोळ्यांवर केस आलेले, मला ओळखतंय न ओळखतंय असं बघत होतं. नवरा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"ऐकू न्हाई आलं," मी म्हणाले.

परत बोलला.

"मागं बसलेल्यांना न्हाई आलं."

मग ओरडला. मान खाली, कानाच्या पाळ्या लाल. तेव्हा कुठं दत्तूनं मांडी घातली. काळीज थंड झालं माझं, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर दर पाडव्याला पोर सांगलीत यायचं. त्या एका खोलीला मी घर म्हणायला लागले ते त्याच्यामुळं. गावाची आठवण येते का, विचारता तुम्ही. येते. नवऱ्याची ती खाली गेलेली मान आठवते, आणि बरं वाटतं. पण दसरा आला की पोराचं बोचकं बांधायला लागायचं, माझ्याच हातानं. पोर म्हणायचं, "आये, तू बी चल की." मोटार सुटली की खोलीवर यायला पाय उचलायचे नाहीत. त्या दिवशी न्हाव्यापुढं सगळे माझ्या मुठीत होते. अर्धं वर्ष कसलं मागत बसले मी? अख्खं मागायला पाहिजे होतं.