चेन्नईच्या पंपाला थंडी वाजते

चेन्नई विमानतळाबाहेर आलो तेव्हा मला घाम फुटला होता आणि टॅक्सीवाला कानटोपी घालून उभा होता. डिसेंबरातली सकाळ, पारा बावीसवर. आम्ही नाशिककर याला थंडी म्हणायला तयार नाही. पण त्यानं माझ्या बाजूची काच वर चढवली आणि "मार्गळी, सार!" म्हणून मलाच दटावलं. (मार्गळी म्हणजे तिकडचा थंडीचा महिना.) सोसायटीचा वेलचेरी भाग येईपर्यंत मी रुमालात तोंड खुपसून हसत होतो.

मी पोहण्याच्या तलावांचे पंप बसवतो. इथल्या एका सोसायटीतला आमचा पंप आठवडाभर रोज बंद पडत होता, पाणी हिरवट झालं होतं. एरवी फोनवर निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, सोसायटीचे सेक्रेटरी रावकाका सगळ्यांसमोर तलावाची एक लांबी पोहणार होते. वय अडुसष्ट. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना खांद्यावरून बाहेर काढलं होतं. ते त्यांच्या जिवाला फार लागलं, आणि म्हातारपणी ते पोहायला शिकले.

काका तंजावरकडचे मराठी. त्यांनी आधी सुक्कु कापी (सुंठीची कॉफी) पाजली, मगच पंपाची खोली उघडली.

आणि मी बघतच राहिलो! पंपाला गोधडी, गोधडीवर रग, फिल्टरच्या मानेला मफलर. भिंतीवर एक पत्रक, त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे लाल शाईची खूण. 'थंडीच्या रात्री पंप, पाइप नीट झाकावेत. पाणी गोठल्यास पंप फुटतो.'

पत्रक मीच लिहिलेलं! हिमाचलात, मनालीच्या बर्फातल्या गिऱ्हाइकांसाठी. थंडी म्हणजे किती, ते लिहायचं राहिलं आणि छापून सगळीकडे गेलं. इथे बिचारी मोटार गोधडीत तापून तापून बंद पडत होती.

"मला स्वेटर लागतो," काका गंभीरपणे म्हणाले, "मग त्याला नको की?"

मी क्लोरीनच्या पिंपावर बसून पोट धरून हसलो. मग पत्रक माझंच आहे हे कबूल केलं. काका असे हसले की त्यांना ठसका लागला. पांघरुणं काढली, मोटार गार होऊ दिली, फिल्टर धुतला, औषध टाकलं. पंप जो सुरू झाला तो थांबला नाही.

रविवारी सकाळी तळाच्या फरशा दिसत होत्या. काठावर सगळी सोसायटी स्वेटर घालून हजर, आणि काका चड्डीवर. निम्म्यावर जाऊन ते थांबले. त्यांची मुलगी पाण्याकडे धावली. त्यांनी हात हलवून तिला मागे सारलं, थोडं तरंगले, दम घेतला आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकले. मी वेड्यासारखा ओरडत होतो.

"आता तुम्ही उतरा," काका पाण्यातूनच म्हणाले.

चारचौघांत सांगावं लागलं, सोळा वर्षं तलावांची कामं करतोय, पण मला पोहता येत नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नाशिकला परतल्यावर पोहण्याच्या वर्गात नाव घातलं आणि काकांना कळवलं. वर्गात सगळी सात-आठ वर्षांची पोरं आणि मी. दोन दिवस नाकातोंडात पाणी. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. खुशाली नाही, काही नाही, एकच प्रश्न.

"काठ सोडला की नाही?"

"सोडला," मी म्हणालो. त्याच सकाळी सोडला होता.