अण्णांची प्रार्थना आणि आमचा पडदा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या चर्चच्या दारात चपला साचतात तसे. घरी जाताना आपली शोधायला गेलं की दुसऱ्याचीच पायात येते. तेव्हा यातला एखादा किस्सा तुम्ही आधी कुणाकडून वेगळा ऐकला असेल, तर माझा खरा धरा. कारण रिमोट माझ्या हातात होता.

निपाणीजवळच्या एका गावात आमचं छोटं चर्च आहे. माझा निपाणीत फोटो स्टुडिओ. लग्नाचं शूटिंग, वाढदिवस, आधारकार्डाचे फोटो, सगळं. आमचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, दोन वर्षांपूर्वी बेळगावहून बदलून आले आणि पहिल्याच महिन्यात मला म्हणाले, "सुधीर, लोक उपदेशात झोपतात. आपण उपदेशाआधी दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवू. हसवणारा!"

मी म्हटलं, "साहेब, चर्चमध्ये हसायचं?"

"देवानं दात कशाला दिलेत?"

इथंच मला पहिला धक्का बसला. नंतर मोजायचं सोडून दिलं.

*

पहिला विषय साहेबांनीच दिला. उपासनेला उशिरा येणारी माणसं. मी खिडकीत कॅमेरा लपवून तीन रविवार दार शूट केलं आणि मागं मस्त म्युझिक टाकलं.

वेदीच्या बाजूच्या भिंतीवर पांढरी चादर लावून व्हिडिओ दाखवला. तिसऱ्या गीताला येणाऱ्या सुशिलाआक्का पडद्यावर दिसल्या. चप्पल काढली, पदर सारखा केला, घड्याळ बघितलं, आणि बाहेर तासभर प्रार्थनाच करत उभ्या होत्या असा चेहरा करून आत शिरल्या!

"अगं बाई, ही मी व्हय?" आक्का किंचाळल्या. सगळं चर्च हसलं. आक्काही हसल्या, पण घरी जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी पावणेदहालाच बाक गच्च भरले. दहा वाजले. सव्वादहा झाले. पाळकसाहेबांचाच पत्ता नाही! गाडी पंक्चर. साडेदहाला घामाघूम होऊन दारात आले, तर आख्खी मंडळी माना वळवून त्यांच्याकडं बघतेय.

सुशिलाआक्का म्हणाल्या, "या साहेब. कॅमेरा चालू हाय."

खरंच चालू होता.

*

मग झाली पेन ड्राइव्हची भानगड. तिच्यात चूक माझी, शंभर टक्के माझी.

त्या आठवड्यात मी सदलग्यातलं एक लग्न एडिट करत होतो. साहेबांचा उपदेशही लग्नावरच होता. काना गावातलं लग्न, द्राक्षारस संपतो आणि येशू पाण्याचा द्राक्षारस करतो. त्यांचं अर्ध्या तासाचं बोलणं मी आधी रेकॉर्ड केलं होतं, त्यातला थोडा भाग दाखवायचा होता. दोन्ही पेन ड्राइव्ह एकाच रंगाचे, एकाच खिशात.

साहेब गंभीर आवाजात म्हणाले, "आता आपण काना गावच्या लग्नाला जाऊ."

मी बटण दाबलं. पडद्यावर सदलग्याची हळद! डॉल्बी दणाणतोय आणि नवरदेवाचा मामा दातात रुमाल धरून जमिनीवर लोळून नागीण डान्स करतोय! रिमोट चालेना. पहिल्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीला शांतपणे म्हणाली, "काना गावात बी डॉल्बी हुता की गं."

तेवढ्यात बेंजामिन अण्णा उठले. अण्णा म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पंचकमिटीतले सगळ्यात जुने पंच. पांढरं धोतर, काळा कोट, हातात काठी. चर्चची भिंत बांधताना त्यांनी स्वतः विटा उचलल्यात. अण्णा काठी टेकत भिंतीपाशी गेले आणि स्विचबोर्डाचं मोठं बटण खाली ओढलं. मामा गेला, पंखे गेले, माईक गेला.

"देवाच्या घराचं थेटर केलासा!" एवढंच बोलून ते जागेवर जाऊन बसले.

संध्याकाळी सदलग्याहून फोन आला. पाहुणे गोळा करून मी लग्नाचा म्हणून दिलेला दुसरा पेन ड्राइव्ह लावला होता म्हणे. "ओ फोटोवाले, तुमचं साहेब लई चांगलं बोलत्यात. लग्नात प्यायचं कमी पडलं तरी यजमानाची अब्रू राखली म्हणं. आमच्या आज्जीनं दोनदा बघितलं. पण आमचा नवरदेव कुठाय?"

तो फोन सोडला तर त्या दिवशी कुणी हसलं नाही. पंचकमिटी बसली आणि ठरलं, अजून एक तक्रार आली की पडदा कायमचा उतरवायचा. साहेबांचा चेहरा एवढासा झाला. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

*

अण्णांबद्दल सांगायचं तर त्यांच्या प्रार्थनेबद्दल सांगावंच लागतं. अण्णा देवाला पत्त्यासकट सगळं सांगतात. "बापा, बेळगावजवळ मच्छे गावात आमच्या पुतण्याच्या घरात आजारपण हाय. कारखान्याच्या मागल्या गल्लीत, पाण्याच्या टाकीपासनं डावीकडं, निळं दार." देव चुकून शेजाऱ्याला बरं करेल, अशी त्यांना काळजी असावी. मग पाऊस, एसटी, हायवेवरचा खड्डा, सगळं ओळीनं यायचं.

पूर्वी याला एकच ब्रेक होता. रूथआक्का, अण्णांच्या पत्नी. बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसायच्या. प्रार्थना लांबली की डोळे मिटूनच एकदा खाकरायच्या. बस्स! अण्णा कुठंही असोत, पावसात नाहीतर खड्ड्यात, पुढचा शब्द 'आमेन'. एकदा बाहेरगावचे बिशपसाहेब लांबलचक प्रार्थना करत होते. सवयीनं आक्का खाकरल्या, आणि बिशपसाहेबच आमेन म्हणून मोकळे झाले!

दोन वर्षांपूर्वी आक्कांना पॅरालिसिसचा झटका आला. बेळगावला महिनाभर ठेवलं. जीव वाचला, पण तेव्हापासून तोंडातून आवाज नाही. कुणाला ओळखतात की नाही, डॉक्टरांनाही सांगता येईना. अण्णा दर रविवारी त्यांना रिक्षातून आणतात, व्हीलचेअर पहिल्या बाकाशेजारी लावतात, मांडीवर गीतांचं पुस्तक ठेवतात. आक्का खिडकीकडं बघत बसतात.

आणि अण्णांची प्रार्थना वीस-वीस मिनिटं चालते. शेवटी शेवटी मधेच गप्प होतात, वाट बघितल्यासारखे. मग पुन्हा सुरू. मला आधी वाटायचं, म्हातारपणी थांबायचं कळत नाही. आता लाज वाटते तसं वाटल्याची.

*

लाइव्हचाही एक सांगतो, छोटा आहे.

पुण्या-बेळगावातली आमची माणसं घरबसल्या उपासना बघतात, म्हणून मी मोबाइलवर लाइव्ह लावतो. एकदा उपासना संपली, माणसं चहाला गेली, आणि मी लाइव्ह बंद करायला विसरलो. साहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "सुधीर, खरं सांग. आज उपदेश लांबला का रे?"

मी म्हटलं, "लांबला साहेब. मलाबी झोप आलती."

मोबाइलवर पुण्याहून कमेंट आली, "आमेन."

*

आता शेवटचा. हा मी चहाच्या वेळी सांगत नाही.

सुगीची उपासना होती, नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायची. बायकांनी भात, मटण सगळं रांधलेलं. आदल्या आठवड्यात साहेबांनी मला घरी बोलावलं. आतून बाहेर आले ते पांढरं धोतर, काळा कोट आणि काठी घेऊन!

"साहेब, हे काय?"

"जेवणाआधीची लांब प्रार्थना. मी अण्णा होणार."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, एक तक्रार आली की पडदा गेला! तुमची बदली होईल, मला गावात राहायचंय!"

"अण्णांवर माझा जीव आहे, सुधीर. त्यांच्यावर हसायचं नाहीये. त्यांच्याबरोबर हसू."

"त्यांना विचारलंय?"

साहेब काठीची मूठ पुसायला लागले. म्हणजे नाही.

तरी मी शूट केलं. पाळकाला नाही कसं म्हणायचं? रविवारी बटण दाबलं.

पडद्यावर साहेब अण्णा होऊन उभे. समोर वाफाळलेला भात. "बापा, मच्छ्यात, कारखान्याच्या मागल्या गल्लीत, निळं दार…" भाताची वाफ गेली. "हायवेवरचा खड्डा तू बघतोयसच…" मांजर आलं, मटणाचा तुकडा घेऊन गेलं. "आणि एसटी, बापा…" मांजर पुन्हा आलं.

कुणी हसेना. सगळे चोरून अण्णांकडं बघत होते. अण्णांची मान खाली, दोन्ही हात काठीवर. पडद्यावरची प्रार्थना चालूच.

आणि बायकांच्या बाजूनं आवाज आला.

खाकरल्याचा.

एकदाच, बारीक, पण स्पष्ट. सुशिलाआक्कांच्या हातातलं पुस्तक पडलं. सगळ्यांनी वळून बघितलं. रूथआक्का खिडकीकडं बघत नव्हत्या. पडद्याकडं बघत होत्या, कपाळाला आठी घालून.

साहेब जागेवर उभेच्या उभे राहिले. मी घाबरून व्हिडिओ थांबवला.

अण्णा उठले. काठी टेकत भिंतीपाशी गेले, त्याच स्विचबोर्डापाशी. मी मनात म्हटलं, संपलं सगळं. अण्णांनी हात वर केला, एकेक बटण चाचपलं, आणि फक्त ट्यूबलाइट बंद केल्या. चादरीवरचं चित्र एकदम लख्ख दिसायला लागलं.

मग ते पंचांच्या बाकाकडं गेले नाहीत. बायकांच्या बाजूला जाऊन व्हीलचेअरशेजारी खाली फरशीवरच बसले.

"सुध्या," माझ्याकडं न बघता म्हणाले, "पहिल्यापासनं लाव रं."