उखाण्याशिवाय

डिमेन्शियाचा विषय कसा निवडला, असं कुणी विचारलं की मी समाजाची गरज वगैरे सांगते. साफ खोटं! मी चिडले होते, म्हणून निवडला.

भिलाईत तेव्हा स्टील प्लांटचं बांधकाम चालूच होतं. बाबा भंडाऱ्याकडची शेती सोडून इथे फिटर झाले, दादा प्लांटमध्येच क्लार्क. मी नागपूरहून डॉक्टर होऊन इथल्या दवाखान्यात नुकतीच लागले होते. आई पन्नाशीतच विसरायला लागली. सेक्टरमधली क्वार्टरं सगळी एका साच्यातली, त्यामुळे ती कुणाच्याही घरात शिरून सिगडीपुढे बसायची आणि त्या घरच्यांनाच विचारायची, चहा घेता का? पोरं तिला मुद्दाम भलत्या दारापुढे नेऊन सोडायची, "माँजी, ये आपका घर," म्हणून टाळ्या पिटायची. एका बाईनं तिला झाडूनं मारलं. दादाला लाज वाटली ती आईची, झाडूची नाही.

"पागलखान्यात टाकू तिले," तो म्हणाला. "ऑफिसात मले तोंड दाखवाले जागा नाही राहिली."

बाबा सायकल काढून ड्यूटीवर गेले.

पागलखान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागायचा. तो देणार होते माझेच साहेब. त्यांनी आईला समोर बसवलं. बाबा शेजारी उभे.

"आज कौन-सी तारीख है?"

तारीख आईला कधी लागली होती? तिला भाताची रोवणी लागायची, दिवाळी लागायची.

"पति का नाम?"

आईनं पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"देखो, पति का नाम भी भूल गई!" साहेब हसले आणि त्यांनी पेन उचललं.

माझं डोकंच सटकलं. "सर, हमारे यहाँ औरतें पति का नाम नहीं लेतीं! शरम नाही वाटत असं विचारायला?" अर्धं मराठीतच ओरडले मी. मग आईकडे वळले. "आई, हळदीकुंकवाले घेतं तसं नाव घे न."

"अवं, हे उभे हायेत न इथं," आई लाजली. पण घेतला तिनं उखाणा. एका दमात, यमकासकट, शेवटी बाबांचं नाव. बाबा स्वतःच्या चपलांकडे बघत हसले.

दाखला मिळाला नाही. "आता तूच सांभाळ तिले," दादा फणकारला.

त्या दिवशी माझा विषय ठरला. रुआबांधा, उतई अशा जवळच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या दवाखान्यात आल्या की मी त्यांना त्यांच्या जगातलं विचारायचे: तळ्या-बोडीचं पाणी आधी कुणाच्या भाताच्या बांधीत जातं, नणदेच्या पोरीला तुम्ही काय म्हणता. सोबतचे डॉक्टर मला 'बुढियों की डॉक्टर' म्हणून चिडवायचे. चिडवेनात का! माझे प्रश्न बरोबर असले की आई शहाणी ठरणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खरं संशोधन ते नव्हतंच, आईची वकिली होती.

वर्षभरानं आईनं दादाच्या लेकराच्या दुधात रॉकेल ओतलं. नशीब, ते प्यायलं नव्हतं. पुन्हा तीच खोली, तेच साहेब. या खेपेला ते मायेनं बोलले.

"माँजी, पति का नाम?"

मी उखाण्याची आठवण द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात आईनं बाबांकडे पाहिलं आणि त्यांचं नाव घेतलं. नुसतं. आडनावासकट, मोठ्यानं, गड्याला हाक मारावी तसं. पदर खांद्यावरून घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

"वेरी गुड!" साहेब खूश झाले. "अब तो गाने की भी ज़रूरत नहीं! डॉक्टर, आपकी माँ सुधर रही हैं."

बाबांचा चेहरा मला बघवेना. पहिल्यांदाच ते त्या खोलीत बोलले.

"साहेब, कागज लिख दो."

"लेकिन जवाब तो सही है!" साहेब गोंधळून माझ्याकडे बघायला लागले.

हे बरोबर उत्तरच वाईट का, ते त्यांना समजावून सांगू शकेल अशी त्या दवाखान्यात मी एकटीच होते. मी दाखल्याचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. साहेबांनी पेन उचललं.