खांड बुजवायला आलेले व्याही

फोन आला तेव्हा मी बांधावर होतो. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला लाकडी फळ्यांचं दार असतं, त्याला आमच्याकडं उघाडी म्हणतात. तिच्या फळ्या बघत होतो. पलीकडून लेक म्हणाली, "बाबा, आबा गेले." आबा म्हणजे तिचे सासरे, माझे व्याही वसंतराव. मी म्हटलं, "बरं, येतो." हातातली फळी बसवली, पाय धुतले आणि रिक्षा करून सीवूड्सला त्यांच्या घरी गेलो. त्याला आता दीड महिना होऊन गेला. दहाव्याला त्यांच्या खात्यातली मोठी माणसं आली होती. साहेब किती देश फिरले, किती शांत होते, किती रात्री जागले, सगळं सांगितलं त्यांनी. खरंच असणार. पण आमच्या चिखलात गुडघाभर उभे राहिलेले वसंतराव त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून मी, चौथीतून शाळा सोडलेला माणूस, हे लिहायला बसलो. शुद्धलेखन लेकीनं बघितलंय, बाकी सगळं माझं.

लेकीचं, सुजाताचं लग्न ठरलं तेव्हा हा माणूस मला मुळीच पसंत नव्हता. मुलगा बरा होता, बाप नको वाटत होता. आम्ही जासईच्या बाजूचे खाडीकाठचे, ते साताऱ्याकडचे. सरकारी खात्यात अधिकारी. हवा तापतेय, समुद्र वर येतोय, म्हणून जगभरचे देश दर वर्षी एकत्र बसतात, तिथं आपल्या मंडळाबरोबर कागद सांभाळायला हे जायचे. पहिल्या भेटीतच मी विचारलं, "तिथं तुम्ही करता काय?" म्हणाले, "वाट बघतो." "कशाची?" "समोरच्यानं हो म्हणायची." आता असल्या माणसाच्या घरी पोरगी द्यायची म्हणजे... त्या दिवशी जेवायला खाडीतल्या बोयट माशांचं कालवण होतं. ताटाकडं त्यांनी असं बघितलं की जसं काही मी साप वाढलाय. पण खाल्लं, सगळं खाल्लं. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "व्याही, काट्यांचं कुणीतरी आधी सांगायचं होतं." तेव्हा मी पहिल्यांदा हसलो.

परिषदेहून परत आले की पुढच्या रविवारी आमच्या ओटीवर हजर. नातवाला चॉकलेट, आणि मला माझा ठरलेला प्रश्न झेलायला मोकळे. मी विचारायचो, "काय आणलंत?" पॅरिसहून आले तेव्हा घरात लग्न लागल्यासारखे खूश होते. सगळे देश एका कागदावर आले म्हणाले. प्रत्येकानं आपापला शब्द द्यायचा आणि काही वर्षांनी तो वाढवायचा. मी म्हटलं, "आणि शब्द मोडला तर?" म्हणाले, "दंड नाही. चारचौघांत मान खाली जाते." "व्याही, ज्याला लाज असते तो शब्द मोडतच नाही," मी म्हटलं. ग्लासगोहून आले तेव्हा तर मी पेपरात वाचून तयारच होतो. कोळसा 'बंद' करू असं लिहायचं होतं, ते 'कमी' करू असं झालं, आणि तसं करा म्हणणाऱ्यांत आपला देशही होता. मी धरलाच त्यांना. म्हणाले, "ज्यांनी पिढ्यानपिढ्या जाळला त्यांनी आधी थांबावं. आपल्याकडं काही घरांत आत्ता कुठं दिवा लागलाय." मग चहा ढवळत हळूच म्हणाले, "पण हे खाडीला सांगून चालत नाही, ते कळतं मला." त्यांचं स्वतःचं गाव लहानपणी धरणाखाली गेलेलं. वीज झाली, ती दुसऱ्यांच्या घरांत लागली. याच्या पलीकडं त्या गावाबद्दल ते कधी बोलले नाहीत. इजिप्तहून मात्र मान वर करून आले. ज्या देशांचं नुकसान झालंय त्यांच्यासाठी वेगळा निधी उभा करायचं ठरलं म्हणून. वर्षा-दोन वर्षांनी त्याचं काय झालं विचारलं, तर म्हणाले, "पेटी ठेवलीय. टाकणारे हात आखडून उभेत."

आता आमच्या गावाचं सांगतो, कारण त्याशिवाय वसंतराव कळायचे नाहीत. खाडीच्या उधाणानं बांध फुटला की त्या भगदाडाला खांड म्हणतात. खांड पडली की पूर्वी हाळी द्यायचे आणि घरटी एक माणूस टोपली घेऊन निघायचा. कुणाचं शेत बुडालं ते विचारायची पद्धत नाही. ज्याच्या घरचा माणूस येणार नाही त्यानं बांधावर भाकऱ्या पाठवायच्या. आणि काम एकाच ओहोटीत पुरं करायचं, कारण अर्धी बुजवलेली खांड परतीच्या भरतीला दुप्पट फाटते. पण आता शेती राहिली कुणाची? कंटेनरची यार्डं आली, जमिनी गेल्या, पोरं कामोठ्याला फ्लॅट घेऊन राहिली. माझा चुलतभाऊ हसुराम, त्यानं आपल्या शेतात भराव टाकून जागा गाड्या उभ्या करायला दिली. पूर्वी उधाणाचं पाणी त्याच्या-माझ्या शेतात पसरायचं, ते आता सगळं माझ्यात येतं आणि माझ्यातून खालच्या आळीच्या घरांकडं सरकतं. तीन वर्षांमागं खांड पडली तेव्हा मी हसुरामला निरोप धाडला. उलट निरोप आला, "माजं शेतच नाय, मी कनाला येऊ?" मी म्हटलं, तुझ्या भरावामुळं पाणी वाढलं, तर पहिली टोपली तुझी. तो नाही आला, तर त्याचे चार भाऊबंदही नाही आले. मीही पुन्हा त्याच्या दारात जायचा नाही असं ठरवलं. बुडालं तर बुडालं. मी चुकलो असं मला अजूनही वाटत नाही.

वसंतराव त्या रविवारी आले, बांधावर उभे राहून खांड बघितली आणि मला म्हणाले, "तुमच्या गावात सहा घरं एकत्र बसत नाहीत, आणि मला दर वर्षी विचारता, दोनशे देश का बसत नाहीत?" मला राग आला. "जा मग, तुमी बसवा," मी म्हटलं. तर हा माणूस खरंच गेला! इस्त्रीच्या पँटीत, दुपारच्या उन्हात, थेट हसुरामच्या घरी. परत आला दिवेलागणीला. मी विचारलं, "काय म्हणतो?" म्हणे, "काही नाही. चहा प्यालो." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, पुन्हा चहा. तिसऱ्या खेपेला हसुरामनं मुरमाचा एक डंपर कबूल केला, वर दोन गडी. माझं डोकंच फिरलं. बांधाला खाडीचाच चिखल लागतो, मुरूम पाण्यात राहत नाही. स्वतः न येता डंपर पाठवून मोकळा होतो काय? "परत पाठवा तो डंपर," मी ओरडलो. वसंतराव म्हणाले, "व्याही, तो देतोय ते आधी घेऊ. कमी काय पडतंय ते मग मागू. नाही घेतलं तर त्याला घरी बसायला कारण मिळेल, आणि खांड तशीच." मुरूम बांधाकडं जाणाऱ्या वाटेवर टाकला, म्हणजे पाय रुतेनात. गडी चिखल कापायला लावले. हसुरामचे गडी दिसले तसे त्याचे भाऊबंदही एकेक करून आले. वसंतराव पँट गुडघ्यावर दुमडून चिखलाचे गोळे हातोहात पुढं देत होते. दोनदा पडले. पोरं हसली, तेही हसले.

भरती लागायच्या आत खांड बुजली. पण एका टोकाला बांध हातभर खाली राहिला. मी दाखवलं. म्हणाले, "पुढच्या वर्षी चढवू." मी म्हटलं, "उधाण तुमच्या परिषदेसारखं नसतं व्याही, ते तारीख पुढं ढकलत नाही." त्यांनी मान हलवली... "हे तिथं बोलायला हवं होतं कुणीतरी," एवढंच म्हणाले. तेवढ्यात हसुरामच्या बायकोनं भाकऱ्या आणि सुकट पाठवली. म्हणजे रीत त्यानं पाळली, पण स्वतः आला नाही. मी हात लावला नाही. वसंतरावांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, बोटं चाटली आणि मला म्हणाले, "तुम्ही सही करू नका. मी तुमच्या वतीनं जेवलो."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात तेच हसुरामकडं जायचे. कधी चार माणसं मिळायची, कधी दोन, कधी नुसता चहा. पण ते हातभर टोक काही चढलं नाही. शेवटची भेट त्यांच्या घरीच झाली. डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलेलं. टीव्हीवर कुठल्याशा मोठ्या देशानं करारातून अंग काढल्याची बातमी लागली होती. मी म्हटलं, "बघा. एवढी वर्षं घातलीत, आणि तो उठून गेला." ते म्हणाले, "पूर्वीही गेला होता. परत आला, पुन्हा गेला." "मग कशाला हो चिकटून बसता?" त्यांना दम लागला होता. जरा थांबून म्हणाले, "न बसता किती पाणी चढलं असतं, तेही बघायला हवं ना... आता जेवढं चढायचं ते थोडं कमी चढेल. पुरेसं नाही. मला माहीत आहे, पुरेसं नाही." निघताना दारापर्यंत आले नाहीत, खुर्चीतूनच हात वर केला.

गेल्या आठवड्यात त्या खालच्या टोकाला भेग दिसली. बोट आत जाईल एवढी. अमावास्येचं उधाण जवळ आलेलं. शेत माझं जाईल ते जाईल, पण खालच्या आळीत आता भाड्यानं राहणारी माणसं आहेत, लेकरं आहेत, त्यांना बांध कुठं आहे हेही ठाऊक नाही. बांधावर बराच वेळ उभा राहिलो. मग घरी येऊन धुतलेला सदरा घातला आणि सकाळीच हसुरामच्या ओटीवर गेलो. तो पेपर वाचत होता. त्यानं वर बघितलं, पेपर खाली ठेवला, चष्मा काढला.

"धर्मा? तू आलास?" म्हणाला. मग चष्मा पुसत, "मंजे व्याही खरंच गेले."

दाराशेजारी एक लाकडी स्टूल होतं, एक पाय आखूड, खाली विटेचा तुकडा लावलेला. मी कठड्यावर टेकणार, तर हसुराम म्हणाला, "तिथं नको, हितं बस. ते हितंच बसायचे." मी बसलो. आतून चहा आला. साखर फार होती. मी बांधाचं नाव काढलं नाही, त्यानंही नाही. शेजारचं कुत्रं, त्याच्या गुडघ्याचं दुखणं, माझ्या नातवाची शाळा, असलंच बोलणं चाललं. कप रिकामा झाला तेव्हा हसुरामनं तो माझ्या हातातून घेतला, रस्त्याकडं बघत बसला, आणि बघता बघताच म्हणाला,

"ओहोटी कवा लागते उद्या?"