हमालाचं आगमन

मालकानं माझ्या हातातला माइक हिसकावला आणि भर मांडवात म्हणाला, "मंडळी, माफ करा. माइकवाल्याची चूक झाली. आता ज्याचं नाव घेतलं तो पाहुणा नाही. आपल्या दुकानातला हमाल आहे, सख्या."

मांडव हसला. फेटे हलले.

सख्या म्हणजे माझा बाप. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात नवरीसाठी स्टीलचा डबा. तो दारातच थिजला. एक पाय आत, एक बाहेर.

तेव्हा नागपुरात माणसाचं वजन लाउडस्पीकरवर ठरायचं. मोठ्या लग्नात दाराशी कोण आलं ते गर्जून सांगायचं, हे माझं काम. "अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे, सहर्ष स्वागत!" आवाज माझा खर्जातला, नाटकी. मजा यायची हो! नुसतं 'श्री' कोणाला पुरायचं नाही. 'प्रतिष्ठित' मिळालेल्या माणसाला शेजारच्याचं 'सुप्रसिद्ध' ऐकून घास गिळवायचा नाही. जरीपटका भागातले एक कापडवाले आले, तेव्हा नेमका बँड वाजत होता. नाव कोणालाच ऐकू गेलं नाही. ते माझ्या कानाशी लागले, "मी बाहेर जातो अन् पुन्हा येतो. या बार दम लावून बोल." गेले. आले. मी दम लावला. स्वतःचं नाव ऐकून चकित झाल्यासारखे हात जोडत आत शिरले!

मालकाचं गणित त्याहून वरचं. जितकी मोठी नावं त्याच्या मांडवात गाजतील, तितका तो मोठा. सकाळीच बजावलं होतं, "वकील, डॉक्टर, ठेकेदार दोन-दोनदा घे. पूर्ण मोहल्ल्याले समजलं पाहिजे."

बाबाला आमंत्रण मालकानंच दिलं होतं. "सख्या, पोरीचं लग्न आहे, येजो." बाबाला ते खरं वाटलं.

तो दाराशी दिसला. जन्मभर मी त्याला सख्या, सख्या अशाच हाका मारलेल्या ऐकल्या होत्या. माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "धान्यबाजारातले श्री. सखारामजी यांचं आगमन झालेलं आहे!"

त्यावर ते हसणं. आणि वर मालक म्हणाला, "सख्या, मांगच्या दारानं ये गा. पत्रावळी उचलाले माणूस कमी आहे."

बाबानं डबा बगलेत धरला आणि निमूट मागच्या बाजूला वळला. मालकानं माइक माझ्याकडे दिला. "हं, चालू दे. नीट पाहून बोलत जा."

मी नीट पाहिलं. मग बोललो, "चूक झालेली नाही. हे माझे वडील आहेत. यांनी वाहिलेल्या पोत्यांवर हा मांडव उभा आहे. सुप्रसिद्ध सखारामजी यांचं आगमन झालेलं आहे!"

कोणीतरी वायर उपटली. मी तसाच ओरडत राहिलो. गळा काही विजेवर चालत नव्हता.

बाबानंच मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "काहून बोलला गा? उद्या मले त्याच्याच दारात जा लागते."

"नको जाऊ, बाबा."

"मंग खाशील काय?"

दुसऱ्या दिवशी त्याला दुकानातून हाकललं. मग तो कन्हानच्या खाणीवर कोळसा भरायला जायचा. खोकत घरी यायचा. तू बरोबर केलंस, असं तो मरेपर्यंत म्हणाला नाही.

मालकाकडे जाऊन माफी माग, नाहीतर काम नाही, असं मी ज्याच्याकडे कामाला होतो तो लाउडस्पीकरवाला म्हणाला. मी गेलो नाही. वस्तीतल्या सभांना बोलू लागलो. फुकट. लोक जमू लागले.

आता मालकाचा पोरगा निवडणुकीला उभा आहे. परवा त्याचा माणूस घरी आला. "दादा, आवाज तुमचाच पाहिजे. तुम्ही बोलले का गर्दी होते."

"मले माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणूनच देत नाही."

"पैसे सांगा ना."

"पैसे नको. तुह्या साहेबाले निरोप सांग. उद्या सकाळी मी रिक्षावर भोंगा बांधून राहिलो. त्याच्या विरोधात. सुरुवात त्याच्याच घरापासून."